एकशे पंधरावा हिसका

हिसका एक ते सतरा

काही नाही.

हिसका अठरा

दोरी तुटली. राघो पाठीमागे ओट्यावर आपटला. हातात राहिलेली लाकडी मूठ त्याने अंगणात भिरकावली, ती सुलूने वाळत घातलेल्या जवळ्यात जाऊन पडली.

"जवला चालू होतो का बगा," त्याची बायको सुलू पायरीवरून म्हणाली. "मशीन तर होत न्हाय."

उत्तर द्यायला दम लागतो, आणि राघोचा होता नव्हता तो सगळा दम मशीनने काढून घेतला होता. छप्पन्नाव्या वर्षी अठरा हिसके. उजवा खांदा आत्ताच बोलायला लागला होता.

घरात खाटेवर त्याचे वडील बसले होते. बाबाजी मिस्त्री, वय चौऱ्याऐंशी. काचबिंदूने डोळे गेले त्याला बारा वर्षं झाली, कान मात्र शाबूत. त्यांनी अठराच्या अठरा हिसके मोजले होते.

"माज्या हातात होती तवा एका हिसक्यात चालू व्हायची," ते आतून म्हणाले. "तू मारलीस तिला."

हे वाक्य राघो अकरा वर्षं ऐकत होता. दसऱ्याला हत्यारं पुजायला मांडली की हमखास, एरवी सवडीप्रमाणे.

मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत. पंचेचाळीस वर्षांपूर्वी बाबाजींनी ती मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखान्यातून, मोडीत निघालेल्या कुठल्याशा परदेशी जहाजाच्या सामानातून उचलून आणली होती. नावाची पट्टी तेव्हाच गळून गेलेली. रंग लाल होता म्हणतात. आता वर रंग नव्हता, तेलाचा थर होता. बाबाजी होड्या बांधायचे, आणि होडीच्या लाकडाला चोपडतात ते मोरी माशाच्या काळजाचं तेल घरातल्या प्रत्येक लोखंडाला चोपडायचे. वाकस, पटाशी, दाराची बिजागरी, आणि ही. खाडीची खारी हवा लोखंडाला जगू देत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

मशीन अकरा वर्षं बंद होती. ती रविवारी सकाळपर्यंत चालू व्हायला हवी होती. आज गुरुवार.

का रविवार

राघोची होडी ऑक्टोबरपासून घरासमोर टेकूंवर चढवलेली. तळाचा कणा कुजलेला. खाडीकाठच्या अख्ख्या वरसावे गावात सगळ्यांनी फायबरच्या होड्या घेतल्या, राघोने नाही घेतली, आणि आता कणा मिळाला नाही तर होडीची सरळ फळकुटं होणार होती.

कण्याचं लाकूड होतं. एकोणीस वर्षांपूर्वी बाबाजींनी सागाचा एक ओंडका खाडीच्या काठाला चिखलात दाबून ठेवला होता. बावीस फूट लांब, दोन माणसांनी कवेत घ्यावा इतका जाड. खाऱ्या चिखलात मुरलेला साग पुढे तडकत नाही, म्हणून जुने मिस्त्री असं करायचे. त्यातून बाबाजी शेवटची होडी बांधणार होते. मग डोळे गेले.

ओंडक्याचं एक टोक जुन्या धक्क्याच्या ढासळलेल्या दगडांखाली अडकलेलं. ते पाच फूट कापून टाकले की उरलेला सतरा फूट मोकळा. भरतीला आपोआप तरंगणार, मग दोरी बांधून शेजाऱ्याच्या होडीने घरासमोर ओढत आणायचा. इतकं सोपं.

फक्त ओंडका खालून अर्धा चिखलात, पलीकडे दगड. करवत वरून खाली एकाच बाजूने चालवायची, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी लांब हवी. मीरा रोडला भाड्याने मिळतात त्या मशीनींची पट्टी हातभर, त्या अर्ध्यात थांबतात. ह्या म्हातारीची पट्टी चांगली दोन हात. आणि मोठ्या आऱ्याने कापायला दुसऱ्या टोकाला एक माणूस लागतो, तसा माणूस आता वरसाव्यात उरला नव्हता. जो होता तो खाटेवर बसून हिसके मोजत होता.

सोमवारी तिथे भराव पडणार होता. काठाला भिंत आणि रस्ता. साइटवरचा सुपरवायझर प्रितम चांगला पोरगा, तो स्वतः घरी येऊन सांगून गेला. "काका, मी दोनदा पुढे ढकललं. मंडेला नऊ वाजता जेसीबी लागणार म्हणजे लागणार. नंतर तुमचा ओंडका शोधायला मलाच खाली पुरतील."

रविवारी अमावास्या. सकाळची मोठी ओहोटी. साडेसहा ते सव्वानऊ ओंडका उघडा. त्याच्या आदल्या दिवशीही मिळाला असता वेळ, पण

हिसका एकोणीस ते एकतीस

पण आधी दोरी.

दोरी बदलायला झाकण खोललं, तर आतली गुंडाळलेली पोलादी पत्ती सुटली. तीन हात लांब पत्ती, चिडलेल्या जनावरासारखी उसळून राघोच्या मनगटावर आली. रक्त पुसलं. पत्ती परत गुंडाळून बसवायला दीड तास लागला. चार वेळा बसली, चार वेळा सुटली. पाचव्यांदा बसली तेव्हा लक्षात आलं की उलटी बसलीये.

ती सुलटी केली, जाळ्याची हिरवी नायलॉन दोरी घातली. तेरा हिसके. तेरावा इतका जोरात की घोडबंदर रोडवरच्या ट्रकवाल्यालासुद्धा दया यावी. पुलावरून ट्रक हॉर्न वाजवत गेले.

"तेल घाल तिला," बाबाजी आतून म्हणाले.

"तेलाचा काय संबंद हाय, बाबा?"

"मंग पेट्रोलचा हाय का? टाकीत हाय ना, काय जाला?"

राघोने मशीन गोणपाटात गुंडाळली.

शुक्रवार, उत्तमचं गॅरेज

भाईंदर पश्चिमेला, मार्केटच्या पलीकडच्या गल्लीत उत्तमचं गॅरेज. उत्तम मूळचा परभणीचा. वीस वर्षं त्याने टू-स्ट्रोक रिक्षांची इंजिनं उघडली आणि बंद केली. मग सगळ्या रिक्षा गॅसवर गेल्या, आणि त्याच्या हातातलं अर्धं ज्ञान बिनकामाचं झालं. राघो मशीन घेऊन आला तेव्हा तो एका रिक्षाचा आरसा बसवत होता.

गोणपाट उघडलं. उत्तमने आरसा तसाच सोडला.

"राघोशेठ," तो म्हणाला, "ही बाई कुठं लपवली होती?"

"चालू कर."

"आधी चहा."

"उत्तम, चालू कर."

"टू-स्ट्रोकला घाई चालत नाही." त्याने चहा सांगितला. मग टाकीचं झाकण उघडून वास घेतला, आणि मान मागे घेतली. "पेट्रोल कधीचं आहे हे?"

"असेल. निवडणुकीच्या आधीचं."

"कुठल्या?"

राघोला आठवावं लागलं.

उत्तमने टाकी उलटी केली. एक तपकिरी, जाड धार निघाली, थांबली, परत निघाली. "पेट्रोल नाही हे. काकवी आहे. बंद करून ठेवताना टाकी रिकामी करत जा, राघोशेठ. आधी टाकीतलं काढायचं, मग चालू करून नळीतलं जाळून टाकायचं, ती आपणहून बंद होईपर्यंत. आणि आता तर पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जुनं रबर खातंय ते."

म्हणजे निदान तेवढी चूक राघोची स्वतःची होती. बाबाजींना हे कळायला नको.

मग एकामागून एक निघत गेलं. पेट्रोलची नळी हात लावताच बिस्किटासारखी मोडली. रिक्षाची घातली. कार्बोरेटरमधला रबरी पडदा पापडासारखा कडक झालेला. नवा मागवायचा तर मोबाइलवर बारा दिवस दाखवत होते. उत्तमने कुठल्याशा डब्यातून जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या पंपाचा पडदा काढला, तसाच कात्रीने कापला. "थोडा जाड आहे. चालवून घेईल." प्लगला ठिणगी नाही. ठिणगीचे पॉइंट इंजिनाच्या चाकाच्या आत, चाकाचा नट जाम. नट निघायला एक तास. पॉइंट काळे ठिक्कर. पॉलिश पेपरने घासले, आणि मधलं अंतर एका लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याने मोजलं.

"कुणाची पत्रिका हाय ती?" राघोने विचारलं, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून.

"मेव्हण्याची. लग्न टिकलं नाही, पत्रिका कामाची निघाली."

ठिणगी आली. निळी, टिच्च.

पेट्रोल आणायला राघो पंपावर गेला. पंपवाल्याने बाटलीत द्यायला नाही म्हटलं. गाडी कुठंय, त्याने विचारलं. राघोने सांगितलं, करवत आहे. पंपवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या स्कूटरला हात केला. शेवटी उत्तमच्या मोटारसायकलमधून नळीने ओढावं लागलं. पहिला घोट राघोच्या तोंडात गेला.

एक लिटर पेट्रोलमध्ये चाळीस मिली ऑइल, उत्तमने सांगितलं होतं, औषधासारखं मोजून. राघो तोंड धुवत होता, थुंकत होता, त्याने अदमासे ओतलं. दुप्पट ओतलं.

हिसका बत्तीस ते त्रेसष्ट

प्लग काळा, ओला. पुसला. परत ओला. सगळं पेट्रोल काढून नवीन मिसळ केली. संध्याकाळ. उत्तमला आरसा आठवला. रिक्षावाला येऊन दोनदा शिव्या देऊन गेला होता.

शनिवार, हिसका चौसष्ट

सकाळची ओहोटी राघोने गॅरेजच्या फुटपाथवरून मनातल्या मनात पाहिली. आत्ता ओंडका उघडा पडला असेल. आत्ता पाणी लागलं असेल. आत्ता बुडाला. दुपार होत आली तेव्हा उत्तमने कार्बोरेटरचे दोन स्क्रू घट्ट करून प्रत्येकी एक फेरा मागे सोडले, म्हणाला, ओढ, आणि राघोने ओढली, आणि ती चालू झा

हिसका पासष्ट

ली होती खरी, पण दोन सेकंद. धुराची एक गुठळी टाकली आणि गेली.

परत. दोन सेकंद, गेली. एकाहत्तर, दोन सेकंद. शहात्तर, एक सेकंद. राघोने खाली बसून मशीनच्या पाठीवर चापट मारली, जशी ढोराला मारतात.

"मारू नको," उत्तम म्हणाला. "ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे. श्वास घेते पण चांगली. सोडत नाही." त्याने समोरच्या धुराच्या भोकाला हात लावला आणि बोटांचा वास घेतला. मग भुवया चढवल्या. "मासळी?"

दोन स्क्रू काढून सायलेन्सर उघडला. आत राघोला आधी वाटलं, लाकडाचा तुकडा अडकलाय. लालसर, टणक, मधल्या फटीतून जेमतेम सुई जाईल असा गोळा. उत्तमने स्क्रू-ड्रायव्हरने टोचला. खपली निघाली. तेल सुकून राळेसारखं झालेलं, त्यात कुंकू, त्यात हळद, त्यात काळपटलेले तांदळाचे दाणे, आणि एक झेंडूची पाकळी, अजून पिवळी.

"राघोशेठ," उत्तम हळूच म्हणाला, "तुमच्याकडे मशीनला जेवू घालतात काय?"

घालत होते. डोळ्यांसमोर उभं राहिलं त्याच्या. दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडली की बाबाजी एकेकाला चाचपत. वाकसाला बोट, पटाशीला बोट. मशीनपाशी जरा जास्त वेळ. हाताने तोंड शोधायचे, समोरचं ते भोक, आणि त्यात आधी चार दाणे अक्षता, मग बाटलीने तेल. मुरेपर्यंत थांबायचे. राघो दर वर्षी शेजारी बसून आरतीचं ताट धरायचा, आणि दर वर्षी त्याच पाटावर ऐकायचा, तू मारलीस तिला.

अकरा दसरे. अकरा वर्षांचा तो गोळा होता.

"पण एक बघ," उत्तम आत टॉर्च मारत म्हणाला. "सिलिंडर आरशासारखा आहे. इतकी वर्षं खाडीवर, आणि गंजाचा ठिपका नाही. तेलाने"

"उत्तम, ते सांगू नको मला."

राघोने खिशातून तंबाखूची डबी काढली. तंबाखू गटारात टाकली. खपल्या, दाणे, पाकळी सगळं त्यात भरून झाकण दाबलं. उरलेलं उत्तमने कोरून काढलं, रॉकेलने धुतलं.

शहाऐंशीव्या हिसक्याला मशीन चालू झाली आणि चालू राहिली. गल्लीतली कुत्री उठली, समोरच्या दुकानातली हंसाबेन कानावर हात ठेवून बाहेर आली आणि बंद करो म्हणाली. उत्तम नुसता उभा राहून ऐकत होता. राघोला हसू यायला हवं होतं. आलं नाही. डबी खिशात टोचत होती.

शनिवारी संध्याकाळी, घरी

"मी आत्ता विचारतो त्यांना," राघो सुलूला म्हणाला. दोघं मागच्या मोरीजवळ होते. डबी उघडी.

सुलूने दाणे पाहिले. पदर तोंडाला लावला. ती हसतेय की काय ते राघोला कळलं नाही, म्हणून तो अजून तापला.

"अकरा वर्सं माज्या नावावर घातली त्यांनी."

"उद्या ओंडका निघू द्या. मंग भांडा कितीपन. आता भांडलात तर उद्या ते काठावर येनार न्हाय, आनि ओंडका कुटून कापायचा ता त्यांनाच ठावं हाय."

हे खरं होतं, आणि त्यामुळे जास्तच चीड आणणारं होतं. राघो पट्टी साफ करायला बसला. साखळीला तेल पोचवणारं बारीक भोकही त्याच राळेने गच्च भरलेलं. सुईने उकरलं, तारेने उकरलं. नाही सुटलं.

रविवार, सकाळी सहा चाळीस

पाणी उतरलं होतं. ओंडका चिखलातून पाठ वर काढून पडलेला. काळा, आणि अंगभर कालवं चिकटलेली, दगडासारखी.

बाबाजींना खुर्चीसकट आणून काठावर बसवलं. उत्तम पहाटेच आला होता, घरच्यांना कुठल्या तरी साइटवर इंजिनियर म्हणून बोलावलंय असं सांगून. प्रितम रविवार असून हेल्मेट घालून उभा होता, हातात मोबाइल. सुलूकडे तेलाची बाटली. साखळीला तेल आपोआप पोचणार नव्हतं, म्हणून बाटलीच्या बुचाला भोक पाडून कुणीतरी शेजारून थेंब थेंब सोडायचं ठरलेलं. मोकळ्या टोकाला दोरी बांधून झाली होती, शेजाऱ्याची होडी पाण्यात थांबलेली.

"आधी कालवं काढ," बाबाजी म्हणाले.

राघो मशीनवर वाकला. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

"राघो, कालवं काढ कुऱ्हाडीनं. गोल, सगलीकरून."

ब्याण्णव.

"आयकतस का?"

"आयकला, बाबा." एकोणनव्वद हिसके ओढणाऱ्याने आणखी काय काय ऐकायचं. बरं, एकोणनव्वद की ब्याण्णव, तोही हिशेब आता खांद्याने सोडला होता. बाबाजींनी सोडला नव्हता; गॅरेजमधले हिसके त्यांनी पहाटेच उत्तमकडून विचारून घेतले होते.

"ब्यान्नव," ते म्हणाले.

सत्त्याण्णवला चालू झाली. राघोने पट्टी ओंडक्यावर टेकवली. ठिणग्या उडाल्या. लाकूड कापताना ठिणग्या उडत नाहीत हे कळायला एखादा क्षण पुरतो, पण राघोने रागारागात पुढची दहा सेकंद तशीच दाबून धरली. मग भुश्शाऐवजी पीठ उडायला लागलं. मग धूर. मग काहीच नाही. साखळी नुसती लाकडावरून घसरत होती.

त्याने मशीन बंद केली. कालवांच्या कवचांनी एकूण एक दात बोथट केला होता.

उत्तम कानस शोधायला लागला. बाबाजी काही बोलले असते तर बरं झालं असतं.

सात पाच ते आठ दहा

कानशीने दात. एक दात सोडून एक, आतून बाहेर, तीन तीन फेऱ्या, मग मशीन वळवून उरलेले. राघो पहिले दहा दात हातकरवतीसारखे घासून बसला, सगळे एकाच बाजूने. उत्तमने हात धरून थांबवलं. परत पहिल्यापासून. साखळी लांब. दात बेचाळीस. प्रितम दर पाच मिनिटांनी किती झाले विचारायचा, शेवटी सुलूने त्याला कुऱ्हाड देऊन कालवं काढायला पाठवलं. तो हेल्मेट घालून कालवं तोडत राहिला, नीट, गोल, सगळीकडून.

पाण्याने तळ गाठला, थांबलं, आणि परत वळलं.

हिसका एकशे चौदा

तासभर थांबलेल्या मशीनने चालू व्हायला सतरा हिसके घेतले. त्यानंतर तिने थांबायचं नाव घेतलं नाही.

भुस्सा आला. पिवळा, लांब, ओला, आणि त्याबरोबर वास. एकोणीस वर्षं चिखलात राहून आतून लाकूड ताजं होतं. सुलू वाकून थेंब थेंब तेल सोडत होती. काप सरळ जात नव्हता, किंचित डावीकडे ओढत होता, ते पहिले दहा दात. राघो मनगटाने परत उजवीकडे आणायचा, ती परत डावीकडे. एक वीत. दोन विती. पाणी त्याच्या घोट्याला लागलं.

"पाचर मार," बाबाजी काठावरून ओरडले. मशीनच्या आवाजावर आवाज चढवायची त्यांना अजून सवय होती. "वर पाचर मार. भरती टोक उचलनार, काप मिटनार, पट्टी आत अडकनार."

ह्या वेळेला राघोने ऐकलं. मशीन न थांबवता त्याने मानेने खूण केली, उत्तमने कापात पाचर ठोकली, मग दुसरी. पाणी पोटऱ्यांना. मोकळं टोक हलायला लागलं होतं. पाचर करकरली, पण काप मिटला नाही. पाणी गुडघ्याच्या खाली दोन बोटं. पट्टी खाली पाण्यात शिरली, वाफ उठली, चिखलाचं काळं पाणी सगळ्यांच्या तोंडावर. राघोला दिसत नव्हतं. तो हाताने कापत होता, म्हणजे हाताला जे कळतं त्याने. एक जागा आली, लाकूड सैल झालं, आणि खालून एक आवाज आला, जाडजूड, दार उघडल्यासारखा.

सतरा फूट साग दगडांपासून वेगळा झाला. आधी कुठे गेला नाही. मग भरतीने त्याला उचललं, आणि तो जड माणसासारखा कुशीवर वळला.

नऊ वाजून वीस

ओंडका घरासमोर, होडीच्या शेजारी दोरीला. प्रितमने तीनदा व्हिडिओ दाखवला. राघोचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो बाबाजींच्या खुर्चीपाशी आला, डबी उघडली.

"बाबा, हात पुडं करा."

बाबाजींनी केला. त्याने खपली ठेवली.

"काय हाय?"

"अक्षता. अकरा दसऱ्यांच्या. तुमीच घातलेल्या, धुराच्या भोकात. तेल पन तुमचाच. त्यानं बंद होती ती. मी न्हाय मारली."

बाबाजींनी खपली चुरली. दाणा दोन बोटांत फिरवला, वास घेतला. राघोने ह्या क्षणाची काल संध्याकाळपासून तयारी केली होती, आणि त्यात बाबाजी दाण्याचा वास घेतील असं कुठे नव्हतं.

"धूर कुटून सोरते ती?" बाबाजींनी विचारलं.

"तितूनच."

"मंग तोंडच ना ता. तू बिडी ओडतस तवा धूर कुटून येतो?"

प्रितमने मोबाइल खाली केला.

"बाबा, मशीनचा तसा नसता."

"आत गंज होता?"

राघोने उत्तमकडे पाहिलं. नजरेने जे सांगायचं ते सगळं सांगितलं. पण उत्तम इंजिनाच्या बाबतीत खोटं बोलू शकत नव्हता, मेव्हण्याच्या बाबतीत बोलला असता.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "आरशासारखी आहे आतून."

"मंग," बाबाजी म्हणाले.

एवढंच. त्यांनी दाणे खाडीत टाकले आणि हात धोतराला पुसला. अकरा वर्षांचं ओझं राघोच्या खांद्यावरून उतरायचं होतं, ते मधल्या मधे कुठे गेलं हेही त्याला कळलं नाही.

"खारा पानी लागलाय तिला," बाबाजी पुढे म्हणाले. "गोड्या पान्यानं धू. मंग तेल आन."

राघोने धुतली. पट्टी काढून उलटी करून बसवली, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील, तसं उत्तमने सांगितलं होतं. टाकी ओतून रिकामी केली. नळीतलं उरलंसुरलं पेट्रोल जाळायला मशीन एकदा चालू करून आपणहून बंद होऊ द्यायची होती. उजवा हात उचलेना. त्याने मूठ डाव्या हातात घेतली, आणि मनातून अगदी खरं सांगायचं तर त्याला वाटलं, आत्ता नको होऊस. आत्ता दहा हिसके घे.

हिसका एकशे पंधरा

चालू झाली.

बाबाजींनी मान जराशी तिरकी करून आवाज ऐकला. मग एक बोट वर केलं.

नळीतलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन फडफडत राहिली, मग थांबली. राघोने एक जुनं फडकं घेतलं, त्याचा बोळा केला आणि धुराच्या भोकात अंगठ्याने घट्ट दाबून बसवला. मग तेलाची बाटली बाबाजींच्या हातात दिली.